डाळिंबाच्या मुळातला रेणू आणि विलश्टेटर नावाचे प्राध्यापक

सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर या पट्ट्यात मर रोगाने डाळिंबाची बाग गेली की शेतकरी जेसीबी लावून झाडं उपटतो. खोडं सरपणाला जातात, मुळं बांधावर वाळतात नाहीतर पेटवली जातात. त्याच मुळांच्या सालीतून काढलेल्या एका पदार्थावर शंभरेक वर्षांपूर्वी सेंद्रिय रसायनशास्त्रातला एक मूलभूत प्रश्न तपासला गेला. सोलापूर हा डाळिंबाचा जिल्हा. केगावला २००५पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तेल्या रोग, बहार, भगवा या वाणाचा भाव यांवर इथे कुणीही तासभर बोलेल. मुळाच्या सालीची गोष्ट मात्र इथल्या एम.एस्सी.च्या वर्गातही क्वचितच सांगितली जाते, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं.

डाळिंबाच्या मुळाची साल हे जंतांवरचं, विशेषतः पट्टकृमींवरचं, फार जुनं औषध. त्यात गुण नेमका कशाचा, हे फ्रान्सच्या शार्ल तान्रे यांनी १८७८ साली शोधलं. सालीतून त्यांनी अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतली नायट्रोजन असलेली अल्कधर्मी द्रव्यं, वेगळी काढली आणि १८२० साली सिंकोनाच्या सालीतून क्विनीन काढणाऱ्या पेल्तिए यांच्या स्मरणार्थ त्यांना पेलेटिएरिन हे नाव दिलं. त्यांचंच एक भावंड म्हणजे स्यूडोपेलेटिएरिन. आपली गोष्ट त्याची आहे.

अल्कलॉइड काढण्याची मूळ रीत आजही तीच आहे. वाळलेली साल कुटून सौम्य आम्लात भिजवायची. अल्कलॉइड आम्लाशी क्षार बनवून पाण्यात उतरतं, टॅनिन आणि रंगद्रव्यंही त्याच्याबरोबर येतात. मग अमोनियाने द्रावण अल्कधर्मी केलं की अल्कलॉइड मोकळं होतं आणि ईथर किंवा क्लोरोफॉर्ममध्ये शिरतं. टीएलसीच्या, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करून दाखवणाऱ्या, पट्टीवर त्याचा थेंब देऊन ड्रॅगेनडॉर्फ या अल्कलॉइड ओळखणाऱ्या द्रावणाचा फवारा मारला की नारिंगी ठिपका उमटतो. वाचताना हे सोपं वाटतं. पण ईथर ३५ अंशांच्या आतच उकळतो आणि सोलापूरचा मे महिना ४२च्या पुढे जातो. बाटलीचं बूच नुसतं सैल केलं तरी आतून फस्‌ आवाज येतो. डायक्लोरोमेथेन वापरला तर तो ४० अंशांना उकळतो, म्हणजे कॉलममध्ये, पदार्थ वेगळे करायच्या सिलिका भरलेल्या नळीत, बुडबुडे धरतात, सिलिकाला भेग पडते आणि सकाळपासून लावलेला कॉलम फुकट जातो. म्हणून इथल्या संशोधक विद्यार्थ्यांचं एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे अल्कलॉइड काढायचं काम, पहाटे चालतं किंवा दिवाळीनंतर.

आता विलश्टेटर. रिखार्ड विलश्टेटर यांचा जन्म १८७२चा, जर्मनीतल्या कार्ल्सरूहचा. म्युनिकमध्ये त्यांनी पीएच.डी. केली ती कोकेनच्या रचनेवर. कोकेन आणि आपल्या रस्त्याकडेच्या धोत्र्यातलं अल्कलॉइड हे एकाच घराण्यातले. दोघांच्या पोटात सात कार्बनांचं कडं असतं आणि त्यावर नायट्रोजनचा आडवा पूल. डाळिंबाच्या स्यूडोपेलेटिएरिनमध्ये हीच मांडणी आहे, फक्त कड्यात एक कार्बन जास्त: आठ. बाकीच्यांना हे आणखी एक अल्कलॉइड वाटलं. विलश्टेटर यांना त्यात आठ कार्बनांचं आयतं कडं दिसलं.

त्या काळातला मोठा प्रश्न बेंझिनचा होता. सहा कार्बनांचं कडं, एकाआड एक दुहेरी बंध, आणि तरीही बेंझिन विलक्षण स्थिर. साधा दुहेरी बंध ब्रोमिनचा लाल रंग क्षणात घालवतो, बेंझिन घालवत नाही. मग ही स्थिरता एकाआड एक बंधांमुळे येते का? तसं असेल तर आठ कार्बनांच्या कड्यातही ती दिसायला हवी. असा पदार्थ तेव्हा जगात नव्हता. झुरिकला प्राध्यापक असताना विलश्टेटर यांनी डाळिंबाच्या अल्कलॉइडपासून तो बनवायला घेतला. नायट्रोजनचा पूल टप्प्याटप्प्याने तोडायचा आणि तुटेल तिथे दुहेरी बंध उभा करायचा. प्रत्येक टप्प्यात ७० टक्के माल हाती लागला असं धरलं, तरी दहा टप्प्यांनंतर १०० ग्रॅमचे ३ ग्रॅमही उरत नाहीत. आणि सुरुवातीचा मालच मुळात सालीत जेमतेम असतो.

१९११ साली त्यांनी हे आठ कार्बनांचं कडं, सायक्लोऑक्टाटेट्राईन, मिळाल्याचं जाहीर केलं. पिवळा द्रव, ब्रोमिनशी लगेच भिडणारा. बेंझिनची स्थिरता त्यात नव्हती. म्हणजे एकाआड एक बंध असणं पुरेसं नाही. १९३१ साली जर्मन शास्त्रज्ञ ह्युकेल यांनी कारण मांडलं: सपाट कड्यात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या दोन, सहा, दहा अशी असली तरच ती स्थिरता मिळते. आठ त्यात बसत नाही. हे कडं तर सपाटही नसतं, होडीसारखं वाकलेलं असतं.

पण बऱ्याच जणांनी विलश्टेटर यांच्यावर विश्वास ठेवला नाही. स्टायरीन या दुसऱ्या द्रवातही आठच कार्बन आणि आठच हायड्रोजन असतात, तेव्हा यांच्या हाती स्टायरीनच लागलं असणार, असं म्हटलं गेलं. एवढ्या थोड्या मालावर उत्तर देणं कठीण होतं.

दरम्यान ते दुसऱ्या कामात बुडाले होते. क्लोरोफिलमध्ये मॅग्नेशियम हा रेणूचाच भाग आहे, हे त्यांनी दाखवलं. फुलांचे रंग वेगळे करून सायनिडिन, पेलार्गोनिडिन, डेल्फिनिडिन ओळखले. डाळिंबाच्या दाण्यांचा लाल रंग याच तिघांच्या संयुगांचा असतो, म्हणजे दाणा आणि मुळाची साल दोन्ही त्यांच्याच कामाशी जोडलेली आहेत. वनस्पतींच्या रंगद्रव्यांसाठी १९१५चं नोबेल त्यांना मिळालं. पुढच्या वर्षी म्युनिकला, आपल्या गुरूंच्या, बायर यांच्या जागी, ते गेले.

१९२४ साली त्यांनी ती जागा सोडली. ते ज्यू होते, आणि ज्यू असल्यामुळे एका लायक शास्त्रज्ञाची नेमणूक विद्यापीठात अडवली गेली, याचा तो निषेध होता. वयाची ५२ वर्षंही पूर्ण नव्हती. विद्यार्थ्यांनी, सहकाऱ्यांनी विनवलं, ते परत फिरले नाहीत. पुढे बरीच वर्षं त्यांचं संशोधन फोनवरून चाललं: मार्गारेटे रोडेवाल्ड प्रयोगशाळेत प्रयोग करत, ते घरून सूचना देत. १९३९ साली देश सोडून ते स्वित्झर्लंडला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. नोबेलपेक्षा हा राजीनामा मला मोठा वाटतो.

इकडे जर्मनीत रेपे या रसायनशास्त्रज्ञांनी सायक्लोऑक्टाटेट्राईन ॲसिटिलीनपासून थेट बनवलं. अमेरिकेत कोप आणि ओव्हरबर्गर यांनी डाळिंबाच्या अल्कलॉइडपासूनचा जुना मार्ग पुन्हा पायरी-पायरीने चालून पाहिला. १९४८पर्यंत स्पष्ट झालं की विलश्टेटर यांचं बरोबर होतं. पुढे त्याच कड्याला दोन इलेक्ट्रॉन देऊन दहा केले तेव्हा ते सपाट झालं, आणि १९६८ साली अशा दोन कड्यांमध्ये युरेनियमचा अणू बसवून युरॅनोसीन तयार झालं.

आपल्याकडे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवावं लागतं आणि चार पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात, प्राध्यापक झाल्यावर आठ. रेणूची रचना दाखवणारं एनएमआर यंत्र नसेल तर नमुना मुंबईच्या आयआयटीत किंवा लखनौच्या सीडीआरआय या औषध संशोधन संस्थेला पाठवून वाट पाहायची. नैसर्गिक पदार्थांवर काम करणाऱ्याची बरीच वर्षं यातच जातात. पण कच्चा माल दाराशी आहे. मर लागलेल्या भगव्याच्या मुळाच्या सालीत आणि शेजारच्या निरोगी झाडाच्या सालीत अल्कलॉइडचं प्रमाण किती वेगळं आहे, हा प्रश्न एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला पुरेसा आहे. साल फुकट मिळते, ड्रॅगेनडॉर्फ प्रयोगशाळेत बनवता येतो. बाग उपटायच्या आदल्या दिवशी शेतकऱ्याला फोन करून ठेवावा लागेल, आणि ईथरचं काम थंडीत उरकावं लागेल.