तोंडभर पिल्लं : यलो लॅब सिक्लिडची टाकी आणि वीण

कालपर्यंत खाण्यावर तुटून पडणारी मादी आज दगडाच्या कपारीत बसून राहते. समोरून दाणा गेला तरी तोंड उघडत नाही आणि तिची हनुवटी खाली सुटल्यासारखी दिसते. नवखा पाळणारा लगेच औषध शोधू लागतो. खरं तर तिच्या तोंडात दहा ते तीस अंडी असतात. मधूनमधून ती चघळल्यासारखी हालचाल करते, म्हणजे अंडी फिरतात आणि प्रत्येकाला ताजं पाणी मिळतं. पुढचे तीन आठवडे ती जवळजवळ उपाशीच राहणार असते.

हा मासा म्हणजे लॅबिडोक्रोमिस सेरुलिअस, हौशी लोकांच्या भाषेत ‘यलो लॅब’. सेरुलिअस म्हणजे निळा. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरात ही जात बहुतेक ठिकाणी पांढरट-निळसरच असते, पिवळाधमक रंग पश्चिम किनाऱ्याच्या एका छोट्या पट्ट्यातच आढळतो. खडकाळ काठावर राहणाऱ्या तिथल्या सिक्लिड कुळातल्या माशांना स्थानिक टोंगा भाषेत ‘म्बुना’, म्हणजे खडकातले मासे, असं नाव आहे. म्बुनांमध्ये यलो लॅब सर्वांत शांत, म्हणून सुरुवात याच्यापासून करावी. निरोगी नर-माद्या एकत्र असल्या की वीण आपोआप होते. पाणी आणि माशांचा स्वभाव सांभाळणं हेच खरं काम.

टाकी किमान चार फूट लांब हवी. ४ × १.५ × १.५ फुटांच्या टाकीत सुमारे २५० लिटर पाणी मावतं. पाणी, दगड आणि काच मिळून वजन साडेतीनशे किलोच्या पुढे जातं, त्यामुळे स्टँड भक्कम लागतो. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण मार खाणाऱ्या माशाला पळायला आडवी जागा लागते. दगड रचताना एक चूक फार महागात पडते : आधी वाळू पसरून त्यावर दगड ठेवणं. हे मासे सतत वाळू उकरतात. दगडाखालची वाळू निघाली की रचना कोसळते आणि काच तडकते. म्हणून तळाच्या काचेवर पातळ फोम, त्यावर थेट दगड आणि शेवटी भोवताली वाळू. कपारी माशांच्या संख्येपेक्षा जास्त हव्यात.

एका नरामागे तीन-चार माद्या ठेवाव्यात. एकच जोडी ठेवली तर नर तिला दमवून मारू शकतो. लहान वयात नर-मादी ओळखणं अवघड असतं. परांच्या काळ्या कडा नरात गडद असतात खऱ्या, पण वरचढ मादीतही त्या दिसतात. म्हणून सात-आठ पिल्लं एकत्र वाढवून जादा नर नंतर काढणं हाच भरवशाचा मार्ग. टाकीत मासे जरा दाटीने असले तर मार एकाच माशावर न पडता विभागला जातो. मात्र फिल्टर तेवढा दमदार हवा, ताशी टाकीच्या पाच-सहा पट पाणी फिरवणारा.

आता पाणी. मलावीचं पाणी अल्कधर्मी असतं, पीएच (आम्ल-अल्कतेचं माप, ७ म्हणजे उदासीन) साधारण ७.७ ते ८.६. तापमान २५ ते २७ अंश ठेवावं. इथे एक रसायन नीट समजून घेतलं तर कित्येक मासे वाचतात. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून येणारा अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. अमोनियम हे रूप बऱ्यापैकी निरुपद्रवी, मुक्त अमोनिया मात्र कल्ले जाळतो. २५ अंशांना पीएच ७ असेल तर मुक्त अमोनियाचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, पीएच ८ ला पाच टक्के आणि ८.५ ला पंधरा टक्के. म्हणजे कमी पीएचच्या, मऊ पाण्याच्या टाकीत खपून जाणारी चूक इथे जीव घेते.

म्हणून मासे आणण्याआधी फिल्टर ‘पिकवावा’ लागतो, म्हणजे त्यात अमोनिया संपवणारे जीवाणू वाढवावे लागतात. २५० लिटरला सुमारे दीड ग्रॅम अमोनियम क्लोराईड टाकलं की अमोनियाची पातळी लिटरला २ मिलिग्रॅमच्या जवळ जाते. एका गटाचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पातळी शून्यावर आली की तेवढाच डोस पुन्हा द्यायचा. डोस दिल्यापासून २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले की टाकी तयार. याला चार ते सहा आठवडे लागतात. घाई करणाऱ्यांचे मासे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मरतात, तेव्हा दोष माशांचा नसतो.

हेच जीवाणू काम करताना पाण्याचा पीएच टिकवून धरणारी कार्बोनेट क्षारता, म्हणजे केएच, खात जातात. दर आठवड्याला ३० टक्के पाणी बदललं तर ती भरून निघते. पाणी महिनोन्‌महिने बदललं नाही तर केएच संपतो, पीएच घसरतो आणि जीवाणू मंदावतात. अमोनिया साचतो, पण पीएच कमी असल्यामुळे तो अमोनियमच्या रूपात असतो, त्यामुळे मासे ठीक दिसतात. मग एक दिवस कोणीतरी मन लावून अर्धी टाकी बदलतो. ताज्या पाण्याने पीएच वर जातो, साचलेलं अमोनियम मुक्त अमोनिया होतं आणि संध्याकाळपर्यंत मासे पृष्ठभागावर धापा टाकू लागतात. मग ‘पाणी बदलल्यामुळे मासे मेले’ असं म्हटलं जातं. मेले ते पाणी न बदलल्यामुळे. अशा जुन्या टाकीत रोज दहा टक्केच पाणी बदलत हळूहळू वर यावं.

केएच वाढवायला खाण्याचा सोडा पुरतो. लिटरला ३० मिलिग्रॅम सोड्याने केएच एक अंशाने वाढतो, म्हणजे ५० लिटर पाण्यात ६ ग्रॅम टाकला की चार अंश. आधी पाणी मोजावं. सोडा नेहमी नव्या पाण्यात विरघळवून द्यावा, थेट टाकीत टाकू नये. त्याच पाण्यातलं क्लोरीनही आधी काढून घ्यावं.

खाणं दिवसातून दोनदा, मिनिटभरात संपेल इतकंच. स्पिरुलिना (एक निळं-हिरवं शेवाळ) असलेले दाणे मुख्य ठेवावेत. यलो लॅब खडकांवरचे बारीक जीव टिपून खातो, पण शेजारी शेवाळ खाणारे म्बुना असतील तर त्यांचं लांब आतडं चरबीयुक्त मांस सोसत नाही. पोट फुगलं, विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी झाली, खाणं सुटलं, की प्रकरण गंभीर झालेलं असतं.

विणीच्या वेळी नर एखादी सपाट जागा साफ करून थरथरत मादीला बोलावतो. ती अंडं घालते, वळते आणि ते तोंडात घेते. नराच्या पोटाखालच्या मागच्या परावर अंड्यासारखे पिवळे ठिपके असतात. मादी तिथे तोंड नेते, शुक्राणू तोंडात जातात आणि फलन तिथेच होतं. हे ठिपके अंड्यांची नक्कल आहेत, ही कल्पना वोल्फगांग विकलर यांनी १९६२ मध्ये मांडली. गंमत अशी की तोंडात अंडी वाढवणाऱ्या काही जातींच्या नरांना ठिपके नसतात, तरीही फलन नीट होतं.

मादीला पहिल्या आठवड्यात अजिबात हलवू नये. घाबरली की ती अंडी गिळते. पहिलटकरीण तर न घाबरताही गिळते, म्हणून एक-दोन विणी वाया गेल्या तर वाट पाहावी. साधारण सोळाव्या दिवशी, रात्री दिवे बंद असताना, तिला ४० लिटरच्या वेगळ्या टाकीत न्यावं. तिथला स्पंज फिल्टर आधी महिनाभर मोठ्या टाकीत चालवून पिकवलेला हवा. अठराव्या ते पंचविसाव्या दिवसादरम्यान ती पिल्लं सोडते, तीही पूर्ण तयार, सेंटिमीटरभर लांबीची. मग तिला चार-पाच दिवस चांगलं खाऊ घालून परत पाठवावं आणि त्याच वेळी मोठ्या टाकीतले काही दगड हलवावेत. सगळ्यांच्या हद्दी नव्याने ठरतात, त्यामुळे परतलेल्या मादीवर एकदम धाड पडत नाही.

पिल्लांना पहिल्या दिवसापासून दाण्याची पूड चालते. अंड्यांतून नुकते फुटलेले आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले इवलेसे कोळंबीसारखे जीव) दिले तर वाढ ठळकपणे जास्त होते : लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, २७ अंश तापमान, जोराची हवा, आणि २४ तासांत ते फुटतात. पिल्लांना थोडं-थोडं चार वेळा खायला घालावं आणि आठवड्यातून दोनदा पाव भाग पाणी बदलावं. तीन सेंटिमीटरची झाली की ती मोठ्या टाकीत तग धरतात.

टाकीत लाल झेब्रा (म्बुनांचीच दुसरी जात) असेल तर मात्र ती पिल्लं शुद्ध जातीची म्हणून कोणालाही देऊ नयेत. यलो लॅब आणि लाल झेब्रा यांचा संकर सहज होतो आणि ही पिल्लं लहानपणी ओळखू येत नाहीत. जादा झालेली पिल्लं नदी-तलावात सोडणं तर कधीच नको.