पार्श्वभूमी : एकाच पानावर अख्खा वर्ग

मुलांनी संगणकावर मिळून लिहिण्याची कल्पना वेबपेक्षा जुनी आहे. मार्लिन स्कार्डामालिया आणि कार्ल बेरायटर या शिक्षण-संशोधकांनी १९८०च्या दशकात कॅनडात ‘सीसाइल’ ही प्रणाली घडवली. तिच्यात मुले शाळेतल्या जोडलेल्या संगणकांवर एका सामायिक साठ्यात टिपणे ठेवत आणि एकमेकांच्या टिपणांवर पुढे लिहीत. टिपणाला ‘माझा अंदाज’, ‘मला समजून घ्यायचंय’ अशा धाटणीच्या खुणा लावता येत. म्हणजे नुसते एकत्र बसवून भागत नाही, लिहायला चौकट द्यावी लागते, हे तेव्हाच कळले होते. पुढची साधने मात्र ही चौकट विसरून आली.

वॉर्ड कनिंगहॅम यांनी मार्च १९९५मध्ये पहिली विकी, म्हणजे वाचणाऱ्यालाच पाने बदलू देणारे संकेतस्थळ, सुरू केली ती प्रोग्रामरांसाठी. नाव घेतले होनोलुलू विमानतळावरच्या ‘विकी विकी’ बसवरून. वर्गात ती रुजवण्याचा मोठा प्रयोग अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठात मार्क गझडियाल यांच्या गटाने ‘कोवेब’ या विकीद्वारे केला. तिथला अनुभव आजही वाचण्यासारखा आहे. वास्तुकला आणि इंग्रजीच्या वर्गांत पाने भरली. गणित-अभियांत्रिकीच्या वर्गांत बरीचशी ओस पडली. गुण वर्गातल्या तुलनेवर ठरत असतील, तर दुसऱ्याला मदत करणे म्हणजे आपलाच क्रमांक घालवणे, हा विद्यार्थ्यांचा हिशेब होता. शिवाय प्रश्नाला एकच उत्तर असेल, तर पहिल्याने ते लिहिल्यावर उरलेल्यांनी काय लिहायचे? दोष विकीचा नव्हता, गृहपाठाचा होता.

२००१मध्ये विकिपीडिया आला, १ मे २००३ला मराठी विकिपीडियाही. शिक्षकांना त्यात मोठी सोय दिसली : ‘इतिहास’ टॅबवर कोणी, कधी, किती बाइट भर घातली ते जसेच्या तसे राहते. पण २०११मध्ये पुण्यातल्या काही महाविद्यालयांत इंग्रजी विकिपीडियावर लेखनाचा जो पथदर्शी प्रकल्प झाला, तो मुख्यतः नकल-चिकटव प्रकारामुळे त्याच वर्षाअखेर थांबवावा लागला. विद्यार्थी शेकड्यांनी होते, शिकवणारे बरेचसे स्वतःच नवखे आणि पुस्तकातला मजकूर उतरवणे म्हणजे अभ्यास, ही सवय जुनी. प्रताधिकारभंग शोधून मजकूर काढण्याचे काम स्वयंसेवकांच्या गळ्यात पडले. नोंदी इतिहासात होत्याच, पण त्या वेळेवर पाहणारे पुरेसे नव्हते.

बारीक अडचणी वेगळ्याच. प्रयोगशाळेतली सगळी यंत्रे बाहेर एकाच आयपी पत्त्याने (इंटरनेटवरच्या ओळख-क्रमांकाने) दिसतात आणि विकिपीडिया एका पत्त्यावरून दिवसाला सहाच खाती उघडू देते. सातवा विद्यार्थी अडतो. म्हणून खाती आदल्या दिवशी घरून किंवा मोबाइल डेटावरून काढून ठेवावीत. दोघांनी एकच परिच्छेद उघडला, तर उशिरा जतन करणाऱ्याला ‘संपादन संघर्ष’, म्हणजे दोघांचे बदल आदळल्याची सूचना, दिसतो. गटाला पूर्ण लेख न देता एकेक विभाग द्या, विभागाशेजारच्या ‘संपादन’ दुव्यावरूनच उघडायला सांगा आणि दर दोन-तीन वाक्यांनी जतन करवा. मराठीत आणखी एक : युनिकोड या सामायिक अक्षर-प्रमाणाच्या आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर चिकटवला की रोमन अक्षरे आणि चिन्हांचा काला होतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग चिकटवणे.

संपादन संघर्षाचा प्रश्न सोडवला तो सगळ्यांना एकाच वेळी लिहू देणाऱ्या साधनांनी. एकाच वेळी झालेले बदल एकमेकांशी जुळवून घेण्याची पद्धत एलिस आणि गिब्स या संशोधकांनी १९८९मध्येच मांडली होती. ब्राउझरमध्ये ती २००८च्या इथरपॅड या सामायिक लेखनाच्या साधनाने लोकप्रिय केली. २००६मध्ये गुगलने राइटली हे ब्राउझरमधले लेखन-साधन विकत घेतले, त्यातून गुगल डॉक्स उभे राहिले आणि २०१०मध्ये तिथेही अक्षर टंकताक्षणी इतरांना दिसू लागले. मात्र लॉगिन न करता दुवा उघडला, तर विद्यार्थी ‘अनामिक’ प्राणी बनून येतात आणि कोणी काय लिहिले याचा माग हरवतो. ‘दुवा असलेला कोणीही’ ही सोय घाईत निवडली जाते, गुण देताना ती महागात पडते. नावानिशी प्रवेश द्या, आधी फक्त ‘टिप्पणी’चा अधिकार ठेवा, मग संपादनाचा.

साधने टिकतात असेही नाही. शाळांत लोकप्रिय असलेले विकीस्पेसेस हे विकी-संकेतस्थळ २०१८मध्ये बंद झाले, गुगलचा जॅमबोर्ड हा डिजिटल फळा २०२४च्या अखेरीस. सत्र संपताना पाने उतरवून घ्यावीत. पीडीएफमध्ये फक्त शेवटचे रूप उरते, त्यामुळे मूल्यमापनासाठी आवृत्तींच्या इतिहासाचे स्क्रीनशॉटही त्याच फोल्डरमध्ये ठेवावेत.