१५ सप्टेंबरची रेघ : ड्राफ्टपूर्वी कॉलेजच्या फॉरवर्डची पारख

नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, या उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीच्या सर्वोच्च लीगचा वार्षिक ड्राफ्ट हा आयपीएलच्या लिलावासारखा बोलीचा बाजार नव्हे. लीगचे ३२ संघ ठरलेल्या क्रमाने, साधारणपणे आदल्या हंगामात मागे पडलेले आधी, एकेका तरुण खेळाडूवर हक्क सांगतात. पैशाचा प्रश्न नंतर येतो आणि पहिल्या कराराला कमाल मर्यादाही असते. त्यामुळे संघाची सारी मदार पारखीवर राहते. पारख करणाऱ्या स्काउटांना कॉलेजात पहिल्या वर्षाला असलेला फॉरवर्ड नेहमीच अवघड जात आला आहे. सतरा-अठरा वर्षांचा हा मुलगा बावीस-तेवीस वर्षांच्या बचावपटूंविरुद्ध खेळतो. हंगामात सामने जेमतेम चाळीस, तेही बहुतेक शुक्रवारी आणि शनिवारी. तेवढ्या पुराव्यावरून तो पंचविशीत कसा खेळेल हे सांगायचे असते. या अडचणीमागे साठ वर्षांचा इतिहास आहे, आणि तो मुख्यतः वयाच्या नियमांचा इतिहास आहे.

ड्राफ्ट सुरू होण्यापूर्वी एनएचएलचे सहा संघ कॅनडातील ज्युनियर संघांना आर्थिक आश्रय देत आणि त्या बदल्यात तेथील मुलांवर हक्क मिळवत. ‘सी फॉर्म’ नावाच्या कागदावर सही झाली की मुलाची व्यावसायिक कारकीर्द त्या एका संघाशी बांधली जाई. मूल अल्पवयीन असल्याने आईवडिलांची संमती लागे. १९६१ मध्ये बॉस्टन ब्रुइन्सची मंडळी ऑन्टॅरियोतील गॅनानोक्वे या लहानशा गावी दुसऱ्याच दोन मुलांना पाहण्यासाठी गेली होती आणि तिथे त्यांची नजर बॉबी ऑर या बारा-तेरा वर्षांच्या मुलावर खिळली. पुढच्या वर्षी, चौदाव्या वर्षी, ऑर ब्रुइन्सचा झाला. ही कथा स्काउटांच्या तीक्ष्ण दृष्टीची म्हणून सांगितली जाते. माझ्या मते ती तितकीच त्या काळच्या मोकाट शिकारीची आहे.

ही पद्धत मोडून सर्व संघांना समान संधी द्यावी या हेतूने लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल यांच्या कारकिर्दीत ५ जून १९६३ रोजी मॉन्ट्रियलच्या क्वीन एलिझाबेथ हॉटेलात पहिला ‘अमॅच्युअर ड्राफ्ट’ झाला. बंद दाराआड झालेल्या त्या बैठकीत अवघे २१ खेळाडू निवडले गेले, कारण चांगली मुले आधीच आश्रित संघांत अडकलेली होती. १९६९ पर्यंत आश्रयाची पद्धत संपली आणि ड्राफ्टला खरा अर्थ आला. १९७९ मध्ये प्रतिस्पर्धी वर्ल्ड हॉकी असोसिएशनचे चार संघ एनएचएलमध्ये आले, ड्राफ्टचे नाव ‘एन्ट्री ड्राफ्ट’ झाले, आणि लवकरच अठरा वर्षांच्या मुलांनाही त्याचे दार उघडले. दरम्यान १९७५ मध्ये जॅक बटन यांच्या पुढाकाराने लीगने स्वतःची मध्यवर्ती स्काउटिंग यंत्रणा उभारली. हंगामाच्या मध्यावर आणि अखेरीस ती जी क्रमवारी जाहीर करते, तिच्याशी संघांचे स्वतःचे स्काउट सहमत असतीलच असे नाही, पण वादाला एक समान पाया मिळाला.

या साऱ्या काळात कॉलेजचा खेळाडू कुठे होता? फारसा कुठेच नाही. व्यावसायिक हॉकीचा रस्ता कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून जातो आणि विद्यापीठात जाणारा मुलगा मऊ असतो, असा पक्का समज होता. रेड बेरेन्सन १९६२ मध्ये मिशिगन विद्यापीठातून थेट मॉन्ट्रियल कॅनेडियन्समध्ये दाखल झाला, तेव्हा ती अपवादाची बाब होती. समजाला मोठा धक्का बसला तो २२ फेब्रुवारी १९८० रोजी. प्रशिक्षक हर्ब ब्रूक्स यांनी प्रामुख्याने कॉलेजच्या मुलांतून बांधलेल्या अमेरिकी संघाने लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला ४-३ असे हरवले. पुढच्याच वर्षी कॉलेज हॉकीतील सर्वोत्तम खेळाडूसाठी ‘होबी बेकर’ पुरस्कार सुरू झाला आणि तो त्या ऑलिंपिक संघातील नील ब्रोटन या फॉरवर्डला मिळाला.

१९८६ मध्ये डेट्रॉईटने मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या जो मर्फीला पहिल्या क्रमांकावर निवडले. कॉलेजच्या खेळाडूला हा मान प्रथमच मिळत होता. मर्फी डेट्रॉईटमध्ये रुजला नाही. १९८९ मध्ये त्याला एडमंटनकडे सोपवण्यात आले. कॉलेज हॉकीतील कामगिरीवर किती विसंबावे, ही शंका त्यामुळे पुन्हा डोके वर काढू शकली असती, पण पॉल करियाने चर्चेचे रूपच बदलले. हॉकीत गोल आणि असिस्ट, म्हणजे गोलला हातभार लावणारा पास, या दोहोंसाठी प्रत्येकी एक गुण मिळतो. करियाने १९९२-९३ मध्ये मेन विद्यापीठासाठी ३९ सामन्यांत १०० गुण केले, संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि पहिल्या वर्षातच होबी बेकर जिंकणारा तो पहिला ठरला. तरीही जून १९९३ च्या ड्राफ्टमध्ये तो चौथ्या क्रमांकावर गेला, अलेक्झांडर डेग, ख्रिस प्रॉन्गर आणि ख्रिस ग्रॅटन यांच्या मागे. अनाहाइमच्या नव्या संघाची ती पहिलीवहिली निवड होती. उंचीने बेताचा असणे त्या काळी फॉरवर्डला फार महागात पडे. मार्टिन सेंट लुई तर व्हरमॉन्ट विद्यापीठात चार वर्षे गाजूनही एकाही संघाने ड्राफ्टमध्ये निवडला नाही. तो पुढे लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०१८ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.

येथे नियमातील एक बारकावा निर्णायक ठरतो. १५ सप्टेंबरपर्यंत अठरा वर्षे पूर्ण करणारा खेळाडू त्या वर्षीच्या ड्राफ्टला पात्र ठरतो; १६ सप्टेंबरला जन्मलेल्याला वर्षभर थांबावे लागते. त्यामुळे शाळा वेळेवर संपवून कॉलेजात गेलेला आणि तरीही ड्राफ्ट बाकी असलेला मुलगा बहुधा वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेला असतो. करियाचा जन्म १६ ऑक्टोबरचा, २०१५ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या जॅक आयकलचा २८ ऑक्टोबरचा, २०२३ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेलेल्या ॲडम फॅन्टिलीचा १२ ऑक्टोबरचा. तिघांनीही पहिल्याच वर्षी होबी बेकर मिळवला. म्हणजे सोबत निवडल्या जाणाऱ्या, समजा जुलैत जन्मलेल्या मुलापेक्षा ते नऊ-दहा महिन्यांनी मोठे होते, आणि त्या वयात नऊ महिने पुष्कळ असतात. उलट २००६ मध्ये जोनाथन टेव्ज आणि २०२४ मध्ये मॅक्लिन सेलेब्रिनी हे सतराव्या वर्षीच कॉलेजात खेळत असल्याने वेगळ्या मोलाने जोखले गेले: सेलेब्रिनीचा जन्म १३ जूनचा, आणि त्याने बॉस्टन विद्यापीठासाठी ३८ सामन्यांत ६४ गुण केले तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. सॅन होजेने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतले.

अनुभवी स्काउट म्हणूनच गुणांच्या तक्त्यापाशी थांबत नाही. किती गुण पॉवर प्लेवर, म्हणजे प्रतिस्पर्धी एका खेळाडूने कमी असताना आले, सोबतच्या फळीत वरच्या वर्गातले कोण होते, पक, म्हणजे खेळातली चकती, काठीशी नसताना मुलगा काय करतो, पक घेण्यापूर्वी खांद्यावरून मागे पाहतो का, आणि मैदानाच्या कडेच्या फळ्यांपाशी थोराड बचावपटू अंगावर आला की त्याची स्केटिंगची लय मोडते का, हे तो पाहतो. शेवटी जूनमध्ये शारीरिक चाचण्या आणि मुलाखती होतात. २०१५ पासून त्या बफेलो येथे भरत आल्या आहेत. त्यांचे महत्त्व किती मानावे? २०१४ च्या चाचणीत सॅम बेनेटला एकही पुल-अप काढता आला नाही याची पुष्कळ चेष्टा झाली. कॅलगरीने त्याला तरीही चौथ्या क्रमांकावर घेतले, आणि २०२५ मध्ये एनएचएलच्या विजेतेपदाच्या, म्हणजे स्टॅनले कपच्या सामन्यांत सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ करंडक त्याच्याच हाती आला.

या सगळ्या मोजमापाखाली एक गृहीतक होते. कॅनेडियन हॉकी लीगच्या ज्युनियर संघाकडून खेळलेल्या मुलाला अमेरिकी विद्यापीठांची एनसीएए ही संघटना व्यावसायिक मानत असे आणि प्रवेश नाकारत असे, त्यामुळे कॅनडातल्या मुलाला सोळाव्या वर्षीच एक वाट धरावी लागे. कॉलेजची वाट राखण्यासाठी करिया ब्रिटिश कोलंबियातील दुय्यम ज्युनियर लीगमध्ये खेळला, तर फॅन्टिली आणि सेलेब्रिनी शिकागो स्टील या ज्युनियर संघाकडून अमेरिकेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएएने ही बंदी उठवण्याचा निर्णय घेतला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून तो लागू झाला.

त्याचा सर्वांत गाजलेला लाभार्थी म्हणजे युकॉनमधील व्हाइटहॉर्सचा गॅव्हिन मॅकेना. कॅनेडियन हॉकी लीगमधील मेडिसिन हॅट टायगर्सकडून २०२४-२५ मध्ये ५६ सामन्यांत १२९ गुण केल्यावर त्याने पेन स्टेट विद्यापीठ निवडले. त्याचा जन्म २० डिसेंबर २००७ चा, त्यामुळे तो २०२५ च्या ड्राफ्टला मुकला आणि २०२६ साठी पात्र ठरला. मधले वर्ष त्याने कॉलेजला दिले. स्काउटांना अशा मुलाचे जुने आकडे समवयस्कांविरुद्धचे मिळतात आणि नवे आकडे प्रौढांविरुद्धचे, शिवाय निम्म्याहून थोड्याच अधिक सामन्यांतले. या दोन आकड्यांची सांगड घालण्यासाठी करिया, आयकल किंवा फॅन्टिली यांचे दाखले पुरे पडत नाहीत, कारण त्यांच्यापैकी कोणीही कॅनेडियन हॉकी लीगमधून आलेला नव्हता.