आधी तिथी, मग तिकीट

तापीचं पाणी चढतं ते वर पाऊस झाल्यावर, नाहीतर हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यावर. त्यामुळे भुसावळ-जळगावकडच्या हौशी गळवाल्याला पाण्याची पातळी ही मोसमाची बाब वाटते. हाच माणूस सेशेल्स किंवा मालदीवला बोनफिश (उथळ समुद्रात चरायला येणारा मासा) धरायला जायचं ठरवतो तेव्हा आधी सुट्टी बघतो, मग विमान, मग रॉड. भरतीचं कोष्टक बघतो ते बेटावर पोचल्यावर. चार दिवस कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून रिकाम्या हाताने परतायचं असेल तर ही रीत उत्तम आहे.

प्रवाळ बेटाभोवती खोल समुद्र सुरू होण्याआधी वाळूचा आणि समुद्री गवताचा जवळजवळ सपाट पट्टा असतो. मासेमारीच्या बोलीत त्याला ‘फ्लॅट’ म्हणतात. ओहोटीला तिथे घोटाभर पाणी उरतं किंवा तेही नाही. बोनफिश इथे मुक्कामाला नसतो, जेवायला येतो. वाळूत दडलेले खेकडे, कोळंबी, शिंपले तो तोंडाने उकरतो आणि घशातल्या गोलसर दातांनी त्यांची कवचं फोडतो. पाणी गुडघ्याखाली असेल तर उकरताना डोकं खाली जातं आणि शेपटीचं टोक पाण्याबाहेर चमकतं. ओहोटीला तो खोल कडेशी थांबतो आणि भरतीच्या पहिल्या पाण्याबरोबर वर सरकतो, कारण तेवढ्या उथळ पाण्यात मोठे शार्क शिरत नाहीत. आपल्या कामाचे तास तेच: भरतीचे पहिले दोन-तीन, आणि ओहोटीचे शेवटचे.

भरती सारख्या वेगाने चढत नाही. नाविकांचा जुना हिशेब बाराव्या भागांचा आहे. एकूण चढ १२० सेंटिमीटर धरला तर सहा तासांत पाणी अनुक्रमे १०, २०, ३०, ३०, २०, १० सेंटिमीटर चढतं. आता फ्लॅटचा उतार पाचशेला एक धरा. तिसऱ्या तासात पाणी ३० सेंटिमीटर चढतं, म्हणजे पाण्याची कड जमिनीवर १५० मीटर आत सरकते. मासा त्या कडेबरोबर चालतो, आणि आपल्यालाही चालावं लागतं. एका जागी उभं राहिलेल्याच्या वाट्याला पहिल्या तासात मासे येतात, पुढे फक्त पाणी.

आता तिथीकडे. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात आणि उधाणाची भरती येते. प्रत्यक्षात तिचा जोर एक-दोन दिवस उशिरा दिसतो. अष्टमीच्या सुमारास चढउतार सगळ्यात कमी, त्याला कोकणात भांगाची भरती म्हणतात. कोकणातला आणखी एक ठोकताळा म्हणजे तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी, आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. यामागचं गणित पक्कं आहे. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे जाते आणि तिथी सरासरी दिवसापेक्षा किंचित लहान असते, त्यामुळे एका तिथीमागे फरक पडतो सुमारे ४८ मिनिटांचा. पाऊण तास म्हणजे ४५, तोंडी हिशेबाला पुरे.

यातून निघणारी गोष्ट सहलीसाठी सोन्यासारखी आहे. जिथे दिवसातून दोनदा भरती येते तिथे एका जागी उधाणाची भरती नेहमी जवळपास घड्याळाच्या त्याच वेळी येते. मुंबईत ती बाराच्या आसपास. दुसऱ्या बेटावर ती वेळ वेगळी असेल, पण तिथल्या कोणत्याही एका पौर्णिमेची वेळ कोष्टकातून काढली की वर्षभराचा अंदाज दाते पंचांगावरही बांधता येतो.

आपल्याला ओहोटीचा तळ सकाळी नवाच्या आसपास हवा, म्हणजे पाणी चढू लागेपर्यंत सूर्य वर आलेला असतो. समजा, बेटावर अमावास्येला भरती बाराला आणि ओहोटी सकाळी सहाला आहे. मग शुद्ध द्वितीयेला ओहोटी ७.३६ला, चतुर्थीला ९.१२ला, षष्ठीला १०.४८ला. भाऊबीज उरकून निघालं तर हे दिवस बरोबर सापडतात. बेटाची अमावास्येची ओहोटी सकाळी अकराला असेल तर मात्र गणित उलटं: नऊ-साडेनऊची ओहोटी दोन तिथी आधी, म्हणजे धनत्रयोदशीला. घरी काय सांगायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

हा झाला अंदाज. तिकीट काढण्याआधी त्या बेटाचं छापील किंवा ऑनलाइन कोष्टक बघायचंच, कारण हिंदी महासागरातल्या पुष्कळ बेटांवर दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. वेळ स्थानिक आहे की ग्रीनिचची तेही तपासा. सेशेल्स आपल्या दीड तास मागे आहे, मालदीव अर्धा तास. हवेचा दाब एक हेक्टोपास्कल घसरला तर पाणी साधारण एक सेंटिमीटर वर राहतं, हा फरक कोष्टकात नसतो.

ऐन पौर्णिमेचा आग्रह धरू नये, याला आणखी एक कारण आहे. बहामातले बोनफिश ऑक्टोबर ते एप्रिल या काळात पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास फ्लॅट सोडून खोल पाण्याच्या कडेला थवे करून जमतात आणि रात्री अंडी घालतात. पिल्लू जन्मतं ते माशासारखं दिसतच नाही. पारदर्शक फितीसारखी अळी काही आठवडे समुद्रात वाहत राहते, आणि मग आकसून मासा होते. अशीच अळी खऱ्या वामीची असते, दोघांचं मूळ घराणं एक. (तापीतली काटेरी वाम त्या घराण्यातली नव्हे.)

मोसमाचं थोडक्यात: सेशेल्सच्या दूरच्या बेटांवर मे ते सप्टेंबर आग्नेयेचा वारा जोरात असतो, त्यामुळे ऑक्टोबर ते एप्रिल बरा. मालदीवला डिसेंबर ते एप्रिल कोरडा. लक्षद्वीपला जायचं तर भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. मासेमारीला परवानगी आहे का, हे त्याच वेळी लेखी विचारून घ्यावं.

फ्लॅटवर मासा आधी बघायचा आणि मग आमिष टाकायचं. बोनफिशचे खवले आरशासारखे, म्हणून मासा दिसत नाही, वाळूवर त्याची सावली दिसते. पाण्यावरून परावर्तित झालेला प्रकाश बराचसा आडवा ध्रुवित, म्हणजे एकाच आडव्या दिशेत कंप पावणारा असतो. पोलराइज्ड चष्मा तोच अडवतो, पण पूर्णपणे फक्त लंबापासून ५३ अंशांच्या कोनात. १५ मीटर दूर बघताना कोन फार तिरपा होतो आणि चकाकी उरते. म्हणून सूर्य पाठीशी हवा आणि काच तपकिरी किंवा तांबूस. राखाडी काच खोल समुद्रासाठी ठीक, इथे ती वाळू आणि मासा एकाच रंगाचे करून टाकते.

मासाही आपल्याला बघत असतो. वरचं सगळं जग त्याला साधारण ९७ अंशांच्या एका गोल खिडकीतून दिसतं. अर्धा मीटर खोलीवर त्या खिडकीचा व्यास जेमतेम १ मीटर १३ सेंटिमीटर. क्षितिजालगतचं सगळं तिच्या कडेला चेपून जातं. पाण्याबाहेर तुमची उंची १.३ मीटर असेल तर १५ मीटरवरून तुम्ही त्याला फक्त ५ अंश उंच दिसता, ६ मीटरवरून १२ अंश. म्हणून आमिष दुरून टाकायचं आणि जवळ आलात तर वाकायचं. पाय मात्र त्याला पाण्यातून सरळ दिसतात, ते हलवू नका.

सामान फार लागत नाही. बोनफिशला ९ फुटी, ८ नंबरची, चार तुकड्यांची फ्लाय रॉड पुरते (फ्लाय म्हणजे गळावर बांधलेलं हलकं नकली आमिष). ती ७५ सेंटिमीटरच्या नळीत बसते. ८ नंबर म्हणजे लाइनच्या (फेकायच्या जाड दोरीच्या) पहिल्या ३० फुटांचं वजन साधारण १३.६ ग्रॅम. लाइन उष्ण कटिबंधाचीच घ्या. थंड पाण्यासाठी बनवलेल्या लाइनचा लेप ३० अंशांच्या पाण्यात मऊ पडतो, ती शिजलेल्या शेवईसारखी लोळते आणि रॉडच्या कड्यांत अडकते. पुढचा धागा ९ ते १२ फूट, टोकाला १२ ते १६ पौंडांचा ताण सोसणारा फ्लुओरोकार्बनचा धागा. रिळावर मागे निदान १५० मीटर जादा दोरी, कारण पहिल्या धावेत मासा शंभर मीटर सहज नेतो. फ्लाय ४, ६ आणि ८ नंबरच्या गळावर; घोटाभर पाण्याला मण्यांच्या डोळ्यांची हलकी, मांडीभर पाण्याला धातूच्या डोळ्यांची जड. जड फ्लाय उथळात धप्पकन पडली की थवा गेलाच.

सराव इथेच करायचा. हतनूरच्या फुगवट्याच्या काठावर किंवा गवताच्या मैदानात १०, १५ आणि १८ मीटरवर ताटल्या ठेवा, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधा. मासा दिसल्यापासून आठ सेकंदांत, दोनच झुलत्या फेकींत ताटलीपाशी पोचलं पाहिजे. सकाळी वारा पडलेला असताना सराव करून उपयोग नाही, दुपारचा वारा तोंडावर घ्या. आणि एक सवय मोडा. डोहात मासा लागला की आपण काठी झटक्याने वर उचलतो. बोनफिशला तसं केलं की खाली वळलेल्या तोंडातून फ्लाय निसटते. काठी माशाकडे रोखून ठेवायची आणि डाव्या हाताने लाइन सरळ मागे ओढायची.

खानदेशी माणसाला उन्हाची ओळख करून द्यायला नको, तरी फसगत होते. जळगावच्या मे महिन्यातली ४५ अंशांची हवा कोरडी असते, घाम सुकतो आणि अंग निवतं. बेटावर पारा ३० असतो, पण दमट हवेत घाम नुसता ओघळतो. वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही आणि वाळू-पाण्यावरून उसळलेले किरण हनुवटी नि कानामागची कातडी भाजतात. पूर्ण बाह्यांचा सदरा, बफ (मान-तोंड झाकणारी कापडी नळी) आणि तासाला अर्धा लिटर पाणी ठेवा, अधूनमधून मीठ-साखर.

पायात जाड तळाचे बूट हवेत, चपला नाहीत. पाऊल उचलून टाकू नका, वाळूत घासत न्या. स्टिंगरे चाहूल लागून सरकतो. दगडमाशाचा काटा किंवा स्टिंगरेची नांगी लागलीच तर पाय सोसवेल इतक्या गरम, ४५ अंशांपर्यंतच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवायचा. ते विष उष्णतेने निष्प्रभ होतं, कळ उतरते. दवाखाना टळत नाही. सुंदर नक्षीचे शंकूसारखे शंख उचलू नका, आतला जीव विषारी बाण मारतो.

मासा सोडून द्यायचा असतो, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. गळाचा उलटा काटा पक्कडने आधीच चेपा. हात ओले करा, सनस्क्रीनचे नकोत. फोटोसाठी पाण्याबाहेर दहा सेकंद, त्याहून जास्त नाही. बहामातल्या एका अभ्यासात सोडल्यावर तोल गेलेले बोनफिश शिकारी माशांच्या तोंडी पडण्याची शक्यता सहापटीहून जास्त दिसली. म्हणून मासा स्वतः सरळ उभा राहीपर्यंत त्याला पाण्यातच धरून ठेवायचं, आणि आसपास शार्क फिरत असेल तर थोडं दूर नेऊन सोडायचं.

विमानात गळ, पक्कड आणि सुरी चेक-इन सामानात. पॉवर बँक मात्र हातातल्या पिशवीत. बेटावर जाणारं शेवटचं विमान बहुधा छोटं असतं आणि वजनाची मर्यादा कडक, तेव्हा आधी विचारा. मुंबईपर्यंतची रेल्वे आणि परदेशाचं विमान यांत निदान अर्धा दिवस मोकळा ठेवा. रोज संध्याकाळी रीळ गोड्या पाण्याने हळू धुवायचं. जोराची धार मीठ आत ढकलते. ब्रेक पूर्ण सैल करून ते रात्रभर सावलीत वाळत ठेवायचं. फ्लायची डबी उघडीच राहू द्या. एक ओली फ्लाय बंद डबीत राहिली की दोन दिवसांत बाकीच्या चाळीस गंजतात.