वाइन उरलेल्या द्राक्षांची नसते

‘निर्यातीत नापास झालेली द्राक्षं वाइनरीत जातात,’ हे वाक्य नाशकात वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते चूक आहे, आणि बागेत राबणाऱ्यांवर अन्याय करणारंही.

आपण खातो ते थॉमसन सीडलेस. वाइनसाठी शिराज, शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यो ब्लाँ अशा वेगळ्या जाती मुद्दाम लावतात. मणी लहान, साल जाड, आत बिया. रेड वाइनचा रंग आणि तुरटपणा प्रामुख्यानं सालीतूनच उतरतो. मोठ्या, पाणीदार मण्यातून तो येणार कुठून?

राजीव सामंत यांनी आपल्या सुला या वाइन कंपनीसाठी 1990च्या दशकात नाशकात सोव्हिन्यो ब्लाँ लावली. अकलूजच्या फ्रातेल्ली वाइनरीत इटलीचे पिएरो मासी वाइनमेकर म्हणून आले. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतली पदकं अशा खास लागवडीतून येतात. तोडणीचा दिवससुद्धा साखर आणि आम्लता मोजूनच ठरतो.