वर्ग पुढे गेला, शिष्यवृत्तीचं काय?

दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला, म्हणजे शिष्यवृत्तीही आपसूक चालू राहिली असं धरून चालणारी मुलं दरवर्षी भेटतात. उलटीही भेटतात. दोन विषय राहिले, आता कसली शिष्यवृत्ती, म्हणून ती फॉर्मच भरत नाहीत. दोघांचा घोटाळा एकच आहे. वरच्या वर्गात जाणं आणि शिष्यवृत्ती चालू राहणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. पहिला विद्यापीठाच्या नियमांनी होतो, दुसरा पैसे देणाऱ्या योजनेच्या अटींनी. एकाचा निकाल दुसऱ्याला लागू पडत नाही.

पहिला निर्णय मुलांच्या तोंडपाठ असतो. सगळे विषय सुटले तर प्रश्नच नाही. काही राहिले, पण ठरवून दिलेल्या मर्यादेत राहिले, तर एटीकेटी मिळते. वरच्या वर्गात बसायचं आणि राहिलेले पेपर पुन्हा द्यायचे. मर्यादेबाहेर गेले तर वायडी (इयर डाउन), म्हणजे वरच्या वर्गात प्रवेश नाही. ही मर्यादा विद्यापीठ अभ्यासक्रमागणिक ठरवतं. शिवाजी विद्यापीठाच्या कोल्हापूर, सांगली, साताऱ्यातल्या कॉलेजांतही बी.ए.चा नियम अभियांत्रिकीला चालत नाही. विद्यापीठ इथं एवढंच पाहतं, की या मुलाला वरच्या वर्गाचा अभ्यास झेपेल का. त्याची फी कोण भरतंय, याच्याशी त्या नियमाचं काही देणंघेणं नाही.

दुसरा निर्णय मात्र सहसा कुणी नीट वाचत नाही. शिष्यवृत्तीचं नूतनीकरण, सगळे म्हणतात ते रिन्यूअल, हा दरवर्षी नव्यानं करायचा अर्ज आहे. अर्जाचं पोर्टल, म्हणजे वेबसाइट, आपणहून काही पुढं ढकलत नाही. इथं कोल्हापुरात कॉलेजच्या खिडकीवर "पास झालोय की मॅडम, परत फॉर्म कशाला?" हा प्रश्न आजही ऐकू येतो, आणि तो विचारणारा पोरगा बहुधा घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच असतो. त्याला हे आधी सांगायला कुणी नसतं.

आता अटी पाहू. आपल्याकडं ज्याला सगळे ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागास वर्गाची सवलत) म्हणतात, ती राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना. (अकरावी-बारावीच्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती वेगळी. नावातल्या साम्यामुळं चुकीच्या योजनेत अर्ज भरला जातो, तेवढं जपा.) कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाचं निम्मं शिक्षण शुल्क आणि निम्मं परीक्षा शुल्क यात शासन मुलग्यांना देतं; मुलींना २०२४-२५ पासून ते पूर्ण मिळतं. एका कुटुंबातल्या दोन मुलांपर्यंतच लाभ, ही अट बऱ्याच जणांना ठाऊक असते. अभ्यासाशी संबंधित अटी मात्र फारशा माहीत नसतात. मागच्या सत्रात किमान ५० टक्के हजेरी हवी, आणि अभ्यासक्रमाच्या काळात दोन किंवा जास्त वर्षांचा खंड नको. महाडीबीटी या राज्य शासनाच्या पोर्टलवरच्या अर्जात मागच्या वर्षाचा निकाल भरताना उत्तीर्ण, अनुत्तीर्ण यांच्यासोबत एटीकेटी हाही पर्याय असतो. म्हणजे केटी लागलेला, विषय राहिलेला मुलगा अर्ज करणार, हे त्या अर्जानं धरलेलंच आहे.

केंद्र सरकारची कॉलेज-विद्यापीठ विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती याहून निराळी. बारावीत आपल्या बोर्डाच्या ८० व्या पर्सेंटाइलच्या वर, म्हणजे वरच्या वीस टक्के मुलांत असलेल्या, साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलांना ती मिळते. पदवीची पहिली तीन वर्षं वर्षाला १२,००० रुपये, पुढं पदव्युत्तरला २०,०००. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, महाडीबीटीवर नव्हे. आणि रिन्यूअलला वार्षिक परीक्षेत किमान ५० टक्के गुण हवेत, हजेरी किमान ७५ टक्के. मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांची इन्स्पायर शिष्यवृत्ती तर ६० टक्के किंवा ६ सीजीपीएच्या (दहापैकी सरासरी श्रेणीगुणांच्या) खाली चालत नाही.

दोन मुलं शेजारी उभी करून पाहू. समजा, कागलची एक मुलगी बी.एस्सी.ला आहे. पहिल्या वर्षी एकही विषय राहिला नाही, सगळे सुटले, टक्के ४८. विद्यापीठाच्या लेखी ती पूर्ण उत्तीर्ण, दुसऱ्या वर्षात ताठ मानेनं जाणार. पण तिला केंद्राची शिष्यवृत्ती असेल, तर दोन टक्क्यांनी १२,००० रुपये गेले. आता शाहूवाडीचा एक मुलगा घ्या. अभियांत्रिकीला कॅप राउंडमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून प्रवेश, पहिल्या वर्षी दोन केट्या, हजेरी ६१ टक्के. घरी त्याला बोलणी बसलेली असतात, आणि आता आपल्याला काही मिळायचं नाही असं त्यानं मनाशी ठरवलेलं असतं. पण एटीकेटीवर तो दुसऱ्या वर्षात गेला आहे, हजेरी अटीत बसते, खंड नाही. निम्म्या फीचा अर्ज त्यानं भरलाच पाहिजे. नापास विषय असलेल्याचे पैसे चालू राहतात आणि सगळ्यात पास झालेलीचे बंद होतात, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण एक योजना गुणवत्तेसाठी आहे, दुसरी फीचा भार हलका करण्यासाठी. मापं वेगळी असणारच.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती हजेरीच्या अटीची. गगनबावडा, राधानगरी इथून रोज एसटीनं येणाऱ्या मुलांचं पावसाळ्यात काय होतं ते आपण बघतो. पंचगंगेला पूर आला की रस्त्यावर पाणी येतं, गाड्या बंद होतात, आणि सत्राचे नेमके सुरुवातीचे आठवडे हातचे जातात. वसतिगृहात राहणाऱ्याला ७५ टक्के म्हणजे काही विशेष नाही. गावाहून येणाऱ्याला तो आकडा दिवाळीपर्यंत भरून काढावा लागतो. याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं आणि पुढं एकेका समाजाची वसतिगृहं इथं उभी राहिली, ती गावाकडच्या पोरांना शहरात राहून शिकता यावं म्हणूनच. म्हणून माझं सांगणं असं, की केंद्राची शिष्यवृत्ती असेल तर ऑगस्टअखेर वर्गशिक्षकांकडून आपली हजेरी विचारून घ्या. रस्ता बंद असलेल्या दिवसांबद्दल त्याच आठवड्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कॉलेजनं परीक्षेला बसू दिलं, एवढ्यावर समाधान मानू नका. परीक्षेला बसायची परवानगी हा पुन्हा पहिल्या बाजूचा निर्णय झाला. योजनेला हजेरीचा आकडा दाखवावा लागतो.

गुणांच्या बाबतीत एक बारीक अडचण येते. गुणपत्रिकेवर सीजीपीए असतो आणि अर्जात टक्के मागतात. मुलं मोबाइलवर दहानं नाहीतर साडेनऊनं गुणून आकडा टाकतात. तसं करू नका. आपल्या विद्यापीठानं अभ्यासक्रमासाठी दिलेलं रूपांतराचं सूत्र वापरा आणि शक्य तिथं कॉलेजकडून तसा दाखला घ्या. गुणपत्रिका आणि अर्ज यांत फरक दिसला की फॉर्म सेंड बॅक, म्हणजे दुरुस्तीसाठी परत येतो, आणि तो दुरुस्त करून परत पाठवेपर्यंत मुदत संपत आलेली असते. पुनर्मूल्यांकनाला पेपर टाकलेल्यांनीही निकालाची वाट बघत अर्ज लांबवू नये. हातात आहे त्या गुणपत्रिकेवर वेळेत भरावा, गुण वाढले तर कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागाला लगेच नवी प्रत द्यावी. अर्ज भरल्यावरही तो कॉलेज लॉगिनला, म्हणजे कॉलेजच्या तपासणीसाठी, पेंडिंग तर नाही ना, हे अधूनमधून बघत राहावं.

राहता राहिला वायडी. इथं घरचे लोक फार घाबरतात. ज्या वर्षी वर्गात प्रवेशच नाही, त्या वर्षाचे पैसे मिळत नाहीत, हे खरं. पण ईबीसीची अट दोन किंवा जास्त वर्षांच्या खंडाची आहे. एक वर्ष गेलं म्हणून नाव कायमचं पुसलं जात नाही. विषय सुटले, वरच्या वर्गात प्रवेश मिळाला, की त्या वर्षीचा अर्ज भरायचा आणि खंडाच्या रकान्यात ते एक वर्ष खरंखरं दाखवायचं. लपवलं तर गुणपत्रिकांच्या तारखांवरून ते कळतंच. मधल्या वर्षात पोर्टलचा युजरनेम, पासवर्ड आणि जोडलेला मोबाइल नंबर जपून ठेवावा, बँकेचं आधारशी जोडलेलं खातं व्यवहाराअभावी बंद पडू देऊ नये, आणि उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली असेल तर तहसीलमध्ये गर्दी व्हायच्या आधी, प्रवेश सुरू होण्यापूर्वीच, नवा काढून ठेवावा.