उसाच्या फडामागचा कोळसा

कोळसा आणि तेलाचं पुढं काय, असा विषय कोल्हापुरात निघाला की कुणीतरी हमखास म्हणतो, ‘आपला ऊस आहे की!’ यात अभिमान आहे आणि तो खोटा नाही. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आज 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि त्यात इथल्या फडांचा वाटा आहे. पण ऊस जसा इंधन देतो, तसा तो इंधन खातोही. ही दुसरी बाजू चर्चेत येतच नाही, म्हणून थोडं मागं जावं लागतं.

सगळ्यात जुना हिशेब गुऱ्हाळाचा. चरकातून रस निघाला की उरतं ते चिपाड. ते आवारात पसरायचं, उन्हात खडखडीत वाळवायचं आणि त्याच्याच जाळावर पुढचं आधण काढायचं. चुलवाणाच्या तोंडाशी बसलेला गडी एका लयीत चिपाड आत सारत असतो. जाळ मागंपुढं झाला की गुळाचा रंग बिघडतो, म्हणून गुळव्याचा एक डोळा काहिलीवर आणि एक जाळावर. रस उसाचा, जळणही उसाचंच. साखर कारखान्यांनी हेच मोठ्या प्रमाणावर केलं. एक टन ऊस गाळला की पावणेतीनशे-तीनशे किलो बगॅस, म्हणजे कारखान्यातलं चिपाड, उरतो. त्यावर बॉयलर चालतो, टर्बाइन फिरतं, आणि 2003 च्या वीज कायद्यानंतर जास्तीची वीज विकण्याचा रस्ताही रुंद झाला.

गाळपापुरता हा हिशेब जुळतो. पण फडाला पाणी कुठून येतं?

राजर्षी शाहू महाराजांनी भोगावती नदीवर राधानगरी धरणाचं काम सुरू केलं. पैशाअभावी ते मध्येच थांबलं आणि पुरं व्हायला 1957 उजाडलं. त्याच्या जोडीला नदीत ठिकठिकाणी बंधारे आले. पावसाळ्यात फळ्या काढायच्या, पाऊस सरला की घालायच्या, हा प्रकार इतका रुजला की राज्यभर तो ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणूनच ओळखला जातो. मात्र या बंधाऱ्याला कालवा नसतो. पाणी नदीच्या पात्रात उभं राहतं आणि रान असतं वर. ते वर चढवायला काहीतरी जाळावंच लागतं. मोट होती तेव्हा बैलांची वैरण, नंतर डिझेल, नंतर वीज.

डिझेल इंजिननं तर इथं एक अख्खा उद्योग उभा केला. आधी इंजिनांची दुरुस्ती, मग सुटे भाग, मग अख्खी इंजिनंच इथं बनू लागली. आज शिरोली आणि गोकुळ शिरगावला दिसणाऱ्या फौंड्र्यांची, म्हणजे लोखंड ओतण्याच्या कारखान्यांची, मुळं कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या त्या कारागिरीत आहेत. तिथली भट्टी म्हणजे क्युपोला. वरून कोक, चुनखडी आणि भंगार लोखंडाचे थर टाकायचे, खालून हवा मारायची, आणि तोंड फोडलं की पातळ लोखंड सळसळत बाहेर यायचं. थोडक्यात, उसाला पाणी द्यायला डिझेल आणि डिझेलचं इंजिन ओतायला कोळसा.

1973 च्या तेलसंकटात जगभर कच्च्या तेलाचे भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाले. डिझेलवर पाणी उपसणं परवडेना तसा शेतकरी विजेच्या खांबाची वाट बघू लागला. 1960 साली स्थापन झालेलं राज्य वीज मंडळ गावोगाव तारा ओढतच होतं. नदीकाठी सहकारी पाणीपुरवठा संस्था उभ्या राहिल्या, पाइपलाइनी माळावर चढल्या आणि जिरायत रानात ऊस आला. कोयनेची जलवीज जवळची असली तरी राज्याची बहुतेक वीज चंद्रपूर, कोराडी, परळी अशा ठिकाणी कोळसा जाळून तयार होत गेली. विदर्भातल्या खाणीतला कोळसा पंचगंगेचं पाणी उपसू लागला, तो असा. माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली इथं आहे.

वीज कमी पडली की काय होतं, तेही आपण भोगलंय. शेजारच्या रत्नागिरीतला दाभोळ वीजप्रकल्प 1999 मध्ये सुरू झाला, त्याची महागडी वीज मंडळाला पेलवली नाही आणि 2001 मध्ये तो बंद पडला. पुढच्या काही वर्षांचं भारनियमन अजून कुणी विसरलेलं नाही. फौंड्र्या तोवर विजेच्या इंडक्शन भट्टीकडं वळू लागल्या होत्या. वीजदर चढले तेव्हा इथल्या उद्योजकांनी सीमेपलीकडं कर्नाटकात जाण्याची भाषा केली.

इथेनॉलची गोष्टही घराजवळच सुरू होते. पेट्रोलमध्ये ते मिसळून बघण्याचे पहिले प्रयोग 2001 मध्ये झाले, त्यातलं एक ठिकाण आपलं मिरज. 2003 पासून काही राज्यांत 5 टक्के मिश्रण आलं, पण बरीच वर्षं ते कागदावरच रखडलं. खरा वेग 2018 च्या जैवइंधन धोरणानंतर आला. मळीबरोबरच जास्त साखर शिल्लक असलेली बी-हेवी मळी आणि थेट रसापासून इथेनॉल करायला मुभा मिळाली आणि कारखान्यांनी कर्जं काढून डिस्टिलऱ्या वाढवल्या. मग 2023 चा पाऊस कमी पडला. साखर कमी पडेल या धास्तीनं केंद्रानं डिसेंबरात, ऐन हंगामात, रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली आणि आठवड्याभरात ती अंशतः सैल केली. त्या वर्षी इथेनॉलमध्ये मका उसाच्या पुढं गेला. कर्ज काढायला लावायचं आणि हंगामाच्या मध्यावर नियम फिरवायचा, हे धोरण म्हणून मला अजिबात मान्य नाही.

आकडेही बघायला हवेत. टनभर उसाचा रस थेट वापरला तर सुमारे 70 लिटर इथेनॉल मिळतं आणि लिटरमागं त्यात पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. तो टनभर ऊस वाढवायला नदीतून किती पाणी किती उंच चढवलं, त्याला किती युनिट लागली आणि त्यातली किती कोळशाची, हे या हिशेबात धरलं जात नाही. ते धरल्याशिवाय इथेनॉलला कोळसा-तेलाचा पर्याय म्हणणं अर्धवट आहे.

हा हिशेब शेतकरी वेगळ्या तऱ्हेनं चुकता करतो. शेतीची थ्री फेज वीज पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीत बॅटरी घेऊन दारं मोडायला, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला, जायचं. पायाखाली साप असतो आणि राधानगरी, भुदरगडच्या बाजूला समोर गवाही उभा राहतो. 2022 च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात महावितरणच्या दारात धरणं धरलं गेलं, ते दिवसा दहा तास वीज मिळावी म्हणून.

दिवसा विजेची मागणी त्याहून जुनी; सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये आली ती तिच्यावरच उत्तर म्हणून. सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि त्या फीडरला, म्हणजे शेतीच्या वीजवाहिनीला, दिवसा वीज द्यायची. अडचण जागेची आहे. बागायत रान कुणी पॅनेलखाली घालणार नाही, म्हणून नजर गायरानावर जाते आणि गावात वाद पेटतो. तरीही पाणी उपशासाठी सौर वीज इथं चांगली बसते, असं मला वाटतं. जुलै-ऑगस्टात आभाळ भरलेलं असतं, पण तेव्हा पाणी उपसायचंच नसतं. पूर यायच्या आधी नदीकाठच्या मोटारी वर काढून ठेवलेल्या असतात. फौंड्रीचं तसं नाही. शिरोलीतली भट्टी भर पावसात, रात्रपाळीलाही पेटलेली असते आणि तिची वीज आजही बहुतांश कोळशाचीच आहे.